समुद्राकडची भिंत

रत्नागिरी, ३ फेब्रुवारी

दादा,

तीर्थरूप लिहावं की नाही, यावर पेन उघडं ठेवून बराच वेळ बसलो. शेवटी नुसतं दादा लिहिलं. तेवढं तरी तू माझ्याकडून काढून घेणार नाहीस असं धरून चालतो.

पत्र लिहिण्याची अक्कल तुझ्या नेत्राची. गेल्या महिन्यात तिला फोन केला तेव्हा म्हणाली, काका, फोन तुमचा आहे म्हटलं की बाबा जाळं उचलून पडवीत जाऊन बसतात. त्यापेक्षा पत्र पाठवा, पत्र आलं की हातातलं काम सोडून ऐकतात, मग ते वीजबिल का असेना. म्हणजे आता मी वीजबिलाच्या रांगेत उभा आहे.

कामाचं आधी सांगतो. बुरोंडीच्या डोंगरमाथ्यावरचं, सड्यावरचं माझं घर विकायचं चाललंय. पुण्याचे एक गृहस्थ आहेत. त्यांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, म्हणजे घर पाडणारच. अकरा वर्षं ते बंद आहे. मुंबईची कंपनी बंद पडली, आम्ही विमलाच्या माहेरी रत्नागिरीत येऊन राहिलो, त्यालाही पाच वर्षं झाली. पण बुरोंडीला यायला माझे पाय उचलले नाहीत. येत्या सोमवारी, दहा तारखेला, दापोलीला सही करायची आहे. कागदावर घर माझ्या एकट्याचं आहे, तुझी सही लागत नाही. पण तुझा शब्द लागतो, मला लागतो. तू नको म्हणालास तर त्यांना नाही म्हणून कळवतो. काहीच बोलला नाहीस तर तुझी हरकत नाही असं समजेन.

त्या गृहस्थांनी मोबाईलवर घराचे फोटो पाठवले. तीन भिंती शेवाळानं काळ्या ठिक्कर, आणि समुद्राकडची एकच पांढरी, तीही वरची हातभर पट्टी सोडून. मी विमलाला म्हटलं, तिकडून खारा वारा लागतो ना, शेवाळ धरत नसेल. ती म्हणाली, असेल बाबा, तुम्ही मशीनवाले, तुम्हाला जास्त कळतं.

उद्या सकाळी निघतोय. मोटरसायकलवरून, एकटा, आणि हायवेनं नाही, किनाऱ्याकिनाऱ्यानं. चार तासांच्या रस्त्याला चार दिवस लावणारा माणूस तुम्हीच, असं विमलाचं म्हणणं. गाडी तीच, शहाण्णव सालची, जिच्या सायलेन्सरनं तुझी पोटरी भाजली होती. सत्तावन्नाव्या वर्षी तिच्यावर बसतोय म्हणून दोघांची तपासणी करून घेतली. गाडी पास झाली, माझ्या गुडघ्यांना मेकॅनिक नाही.

झाडाबद्दल लिहिणार नव्हतो. पण ते टाळून लिहिलेल्या पत्राला तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. जे तेव्हा सांगितलं तेच आज सांगतो. मी कधी होडीत पाय ठेवला नाही, तुमच्या समुद्रातल्या खुणा मला कुठून माहीत असणार? मला माहीत नव्हतं, दादा.

हितेश


जयगड, ४ फेब्रुवारी

दादा,

आज आरे-वाऱ्याचा चढ चढून वर थांबलो आणि खूप वेळ हसत उभा राहिलो. शेजारी फोटो काढणारं एक जोडपं होतं, ते जरा लांब सरकलं. मला आपली शर्यत आठवली होती.

गाडी नवी घेतली त्या वर्षीची. मी म्हटलं, आता तुझ्या होडीपेक्षा मी आधी पोचतो कुठेही. तू म्हणालास, जयगडला ये. मी बुरोंडीतून रस्त्यानं निघालो, तू ‘गुणवंती’ घेऊन समुद्रातून. तेव्हा खाडीवर गाड्या नेणारी फेरीबोट नव्हती. दाभोळला आलो तर समोर खाडी. वळसा घालून चिपळूण गाठलं, परत खाली उतरलो. मध्ये दोनदा पंक्चर. दुसऱ्या दिवशी जयगडच्या धक्क्यावर पोचलो तर तू आंघोळ करून, आमटी-भात खाऊन, डोक्याखाली दोर घेऊन झोपलेला. डोळेसुद्धा उघडले नाहीस. नुसतं म्हणालास, “भात झाकून ठेवलाय.”

त्याच धक्क्याच्या वरच्या अंगाला एका घरी आज उतरलोय. आता खाडीवर फेरीबोट आहे, दहा मिनिटांत गाडीसकट पलीकडे. आपली शर्यत आज झाली असती तर मी जिंकलो असतो. पण जिंकून धक्क्यावर आमटी-भात कुणी झाकून ठेवला असता, ते सांग.

आणि एक लक्षात आलं. ही सगळी गावं मला आधी तुझ्याकडून समुद्राच्या बाजूनं कळली. सुट्टीत आलो की तू जेवताना सांगायचास: पांढरा दगड आणि त्यामागं उंच माड एका रेघेत आला की अमुक बंदर, देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बसला की होडी वळवायची. दिशादर्शक यंत्रं तेव्हा तुमच्याकडे नव्हती. तुम्ही दोन खुणा एका रेघेत धरून घरी यायचात. मी ऐकायचो आणि जेवायचो. आज रस्त्यानं जाताना पांढरे दगड दिसले, माड दिसले, पण ते कशाच्या रेघेत येतात ते रस्त्यावरून कळत नाही.

बुरोंडीची रेघ मात्र गावातल्या सगळ्या होडीवाल्यांना ठाऊक होती. खाली देवळाचा कळस आणि वर सड्याच्या कडेला एकटं किंजळाचं झाड. ते दोन जुळले की पाण्याखालच्या खडकांतली, खडपातली वाट सापडायची, एक होडी जाईल एवढीच. आणि अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मी दोन माणसं लावून ते झाड तोडलं, कारण मला तिथेच घर हवं होतं आणि वाशांना लाकूड हवं होतं. तू आणि आबा, दोघे बापलेक, तीन दिवस समुद्रात होतात. दिवस मावळताना परत आलात. तू झाड शोधत राहिलास, वाट अजून पुढे आहे असं समजून होडी तशीच नेलीस, आणि ‘गुणवंती’ खडपावर बसली. तळ फुटला. आबा इंजिनाच्या पेटीवर आपटले. त्यांची कंबर त्यानंतर सरळ झाली नाही, आणि पुढची चार वर्षं, जाईपर्यंत, ते काठी घेऊन किनाऱ्यावर बसले.

हे तुला मी का सांगतोय? तुला पाठ आहे. मला हे माझ्या हातानं एकदा लिहून बघायचं होतं. इतकंच.

हितेश


गुहागर, ६ फेब्रुवारी

दादा,

काल फेरीबोटीत मला मळमळलं. हसू नको. दहा मिनिटांची खाडी, पाणी ताटातल्या ताकासारखं, आणि मी गाडीचं हँडल धरून घाम पुसतोय. शेजारी एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “खाली बघू नका हो, पलीकडं कायतरी धरा डोळ्यानं.” मी पलीकडं बघितलं तर मोबाईलचा टॉवर. तोच धरला. तवसाळ येईपर्यंत नजर काढली नाही.

पुढे पालशेतच्या अलीकडे चेन तुटली. अठ्ठावीस वर्षं कंपनीत मशीनवर काढलेला माणूस रस्त्याच्या कडेला चेन हातात घेऊन बसला होता, कारण जोडायची कडी जवळ नाही. नितेश नावाचा एक गॅरेजवाला भेटला, त्यानं कडी चिपळूणहून मागवली. त्यात एक दिवस गेला. त्याच्या दुकानात बसलो होतो तेव्हा त्यानं विचारलं, कुठले तुम्ही? माझ्या तोंडातून पटकन ‘बुरोंडीचा’ निघालं. चाळीस वर्षांत मी कधी मुंबईचा म्हणालो, कधी रत्नागिरीचा. बुरोंडीचा म्हटल्यावर तो म्हणाला, मग तुम्हाला मासे कळत असणार, इथला बाजार घेऊ नका, फसाल. मी मान हलवली. मला बांगडा आणि सौंदाळा यापलीकडे काही ओळखता येत नाही हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

दिवसभर बसून राहिल्यामुळे डोकं फार चाललं. सोड्यांचा, त्या सुकवलेल्या कोलंबीचा डबा आठवला. मी परळच्या खोलीत राहत होतो तेव्हा दर दिवाळीच्या आधी तू यायचास, गोड्या तेलाचा रिकामा डबा सोड्यांनी ठासून भरलेला, वर फडकं बांधलेलं. खोलीत सात जणं. तू यायचास तर डब्याच्या वासानं आधी सगळी वैतागायची आणि मग आठवडाभर जेवायची. तू खुर्चीवर बसायचा नाहीस, दारात उकिडवा बसायचास आणि विचारायचास, “इथनं समुद्र कुठल्या बाजूला रे?” मला सांगता यायचं नाही. अठ्ठ्याण्णवनंतर डबा आला नाही. विमला बाजारातून सोडे आणते. चांगले असतात. पण डब्याचं फडकं सोडायचो तसं काही वाटत नाही.

तुझी आठवण येते. लिहून टाकलं. सत्तावीस वर्षांत हे एकदाही म्हणालो नाही, आता वयही असं झालंय की लाज वाटायला वेळ नाही.

आज धोपाव्याला जाऊन फेरीबोटीनं दाभोळ गाठतो. मग कोळथरे, मग बुरोंडी. संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात असेन. पत्राआधी मीच पोचलो तर नेत्राला म्हणावं, हे नंतर वाच.

हितेश


हर्णे, ८ फेब्रुवारी

दादा,

तुला कळलंच असेल, मी आलो नाही. परवा बुरोंडीत शिरलो होतो. देवळापाशी गाडी हळू केली. तुझ्या घराकडची वाट डावीकडे, सड्यावरची उजवीकडे. मी कुठेच वळलो नाही. गाडी सरळ गेली, लाडघर गेलं, कर्दे, मुरूड गेलं, आणि हर्णेच्या बंदरात रस्ताच संपल्यासारखा झाला तेव्हा थांबलो. इथे निशिगंधाताई म्हणून आहेत, त्यांच्या घरी खोली घेतलीय. दोन दिवस नुसता बसून आहे. संध्याकाळी लिलाव बघतो. वाळूत माशांचे ढीग, भोवती बायका, आणि भाव असा बोलतात की बोलला गेलेला कळतही नाही.

काल त्या गर्दीत संदेशनं मला ओळखलं, तुमच्या वाडीतला टेम्पोवाला. मी त्याला ओळखलं नाही. तो म्हणाला, “काका, गंगारामदादाचं तोंड घेऊन फिरताय आणि लपताय कुणापासून?” रोज संध्याकाळी तो मासळी घेऊन बुरोंडीवरून जातो. हे पत्र पोस्टात टाकत नाही, त्याच्या हातात देतो, म्हणजे आज रात्रीच तुला मिळेल. आधीच्या तीन पत्रांत मी एक गोष्ट खोटी लिहिली. सोमवारच्या आधी ती दुरुस्त व्हायला हवी.

मी कधी होडीत पाय ठेवला नाही, हे खोटं आहे. एकदा ठेवला होता. नऊ वर्षांचा होतो. शाळेला सुट्टी होती आणि मी हट्ट धरला म्हणून आबांनी नेलं. खडपाच्या बाहेर पडल्याबरोबर मला ओकारी सुरू झाली ती थांबेना. परत येताना मी होडीच्या तळाशी पडलो होतो. आबांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि सड्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, “खाली बगू नको. तां झाड बग. तां दिसतंय तवर आपण हरवत नाय.” मी ते झाड बघत बघत घरी आलो. त्यानंतर समुद्रात गेलो नाही. तू पुढे नाळेवर उभा होतास. वाऱ्यात तुला काही ऐकू गेलं नसणार, आणि ती एक फेरी तू केव्हाच विसरला असशील, असं मी धरून चाललो.

म्हणजे मला माहीत होतं. झाडावर पहिला घाव पडला तेव्हाही माहीत होतं. होडी फुटल्यावर लोक जमले तेव्हा मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कधी समुद्रात गेलोय? आणि सगळ्यांना ते पटलं, कारण मला साध्या एसटीतसुद्धा उलटी होते हे गावाला माहीत होतं. आबा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. चार वर्षं जगले, पण मला खोटं पाडलं नाही. त्यांनी एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

मग का तोडलं, हे तू विचारशील. मी स्वतःला सांगत आलो की लाकूड हवं होतं, जागा चांगली होती, दादाला वाट डोळे झाकून येते, एका झाडानं काय बिघडतंय. खरं त्याहून वाईट आहे. ते झाड तुझं आणि आबांचं होतं. रोज जेवताना तुमचं बोलणं त्याच्यावरून सुरू व्हायचं आणि त्याच्यावर संपायचं. मी मुंबईहून चार दिवस यायचो आणि पाहुण्यासारखा ताटावर बसून ऐकायचो. मला वाटलं, तिथे माझं काहीतरी असावं, समुद्रातून बघितलं की माझं दिसावं. ते झाड शेजारी ठेवूनही घर बांधता आलं असतं. मिस्त्री तसंच म्हणाला होता.

हे सांगितल्यावर तू घर विकू नको म्हणशील असं मला वाटत नाही. उलट, ते पाडलं जाणार याचं तुला बरंच वाटेल. त्या घराकडे तू सत्तावीस वर्षं कसा बघत असशील, रोज होडी आत घेताना, याचा विचार मी करतो तेव्हा वाटतं, जाऊ दे ते एकदाचं. पण तुझ्या तोंडून यायला हवं. उद्या दिवसभर मी इथेच आहे. संदेश सकाळी बर्फाला हर्ण्याला येतो. पाठवायचं असेल ते त्याच्याकडे दे. नाहीतर रिकाम्या हातानं येऊ दे त्याला, मी समजेन.

दादा, माझं चुकलं. हे वाक्य लिहायला मला रत्नागिरीपासून इथवर यावं लागलं.

हितेश


बुरोंडी, ९ फेब्रुवारी

(काका, बाबा सांगतायत तसंच उतरवतेय. ‘त्याला कळता तसा लिव, शाळंतला नको,’ म्हणालेत. — नेत्रा)

हितेश,

चारी पत्रां पोचली. पयल्या तिनांवर मी काय बोललो नाय. बोलण्यासारखा त्यात काय नव्हता.

तुला म्हायती व्हता ह्या मला तवाच म्हायती व्हता. त्या दिवशी मी नाळेवर नव्हतो. तुझ्या मागं बसून तुझी पाठ चोळत व्हतो. आबा बोलले ता सगळा ऐकला. तू मला होडीच्या पुढं नेऊन उभा केलास, कारण तुला तसा बरा पडत व्हता. मी भांडायला आलो नाय. म्हटला, हितेश आपल्या तोंडान सांगल. आज सांगल, उद्या सांगल. काल सांगितलास.

आता घराचा. झाड गेला त्या वर्षी पावसाळा सरला, दुसरी होडी घातली, आणि बंदरात शिरताना बगतंय तर झाडाच्या जागी तुझी भिंत. पांढरीफट. मी समुद्रात थुकलो. पण होडी आणली तिच्यावरच. कळस खाली, भिंत वर. रेघ तीच. दुसरा काय करणार व्हतो? तवापासून सगळी बुरोंडी त्या भिंतीवर आत येते. पोरां तिला हितेशची भिंत म्हणतत.

तू यायचा बंद झालास, दोन पावसाळ्यात भिंत काळी पडली. लांबनं डोंगरात आणि भिंतीत फरक कळं ना. मंग मी चुना घेऊन गेलो. तवापासून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला मारतंय. समुद्राकडची एकच. बाकीच्या तीन समुद्रातनं दिसत नायत, त्यांचा मी काय करू? खारा वारा म्हणे. खाऱ्या वाऱ्यान शेवाळ धरत नाय, असा कुठल्या कंपनीत शिकवतत? तुझ्या घरात मी पाय ठेवला नाय. मागनं चढतंय, भिंत मारतंय, उतरतंय.

आता होडीत यंत्र हाय. संदेशच्या भावान मोबाईलवरपण दाखवलान. तरी डोळे आधी वर सड्यावर जातत.

विकू नको असा मी म्हणत नाय. घर तुझा हाय. पण उद्या दापोलीला जायच्या आधी आज दुपारी सड्यावर ये. ह्या वर्षी वरची पट्टी राहिली. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाय आता. काल तुझा पत्र वाचून झाल्यावर चुना भिजत घातलाय. तू वर चढ, शिडी मी धरतंय.

मंग भरतीला माझ्याबरोबर होडीत बस. एकदा समुद्रातनं तुझा घर बग, आणि मंग काय ती सही कर. वकारी आली तर येऊंदे. पाठ चोळायला मागं मी हाय.

गंगाराम